ओरेगॅनो घरी लावतेय: १९८ दिवसांच्या नोंदी, चुकांसकट

दिवस १

सुरुवात झाली ती एका बरणीपासून. कपाटात सुका ओरेगॅनो होता, झाकण उघडून नाक घातलं तर वास शून्य, तळहातावर चोळला तर वाळलेलं गवत. म्हटलं पुदिन्याच्याच कुळातलं झाड आहे, पुदिना तर आपल्याला हाकलावा लागतो, मग हे काय अवघड असणार. (हे वाक्य लक्षात ठेवा.)

बियांचं पाकीट उघडलं तर आधी वाटलं रिकामंच आलंय. मग दिसलं, कोपऱ्यात तपकिरी धूळ बसलीय तेच बी. मोहरीचा दाणा याच्यापुढे भोपळा. ट्रेमध्ये कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत निम्मंनिम्मं, त्यावर बी भुरभुरवलं, वरून बोटाच्या अर्ध्या पेराएवढी माती, आणि झारीने पाणी. कोथिंबीर अशीच लावते म्हणून हेही तसंच लावलं.

दिवस १७

काहीही नाही. ट्रेमध्ये एक तण उगवलंय, त्याला आठवडाभर मी ओरेगॅनो समजून जपत होते.

चूक माझीच. या बियांना उगवायला उजेड लागतो, आणि एवढ्या बारीक बियांत साठा तरी किती असणार, अर्धं पेर माती फोडून वर यायचा जोर कुठून आणतील. शिवाय झारीच्या धारेने बी वाहून एका कोपऱ्यात गेलेलं असणार ते वेगळंच.

दुसरा प्रयत्न: माती आधी भिजवून सपाट केली, बी चिमूटभर कोरड्या वाळूत मिसळून पसरलं म्हणजे एकाच जागी गठ्ठा होत नाही, वरून मातीचा कण नाही, फक्त पुठ्ठ्याने हलकं दाबलं. पाणी स्प्रेने. वर पारदर्शक प्लास्टिक. गेलेला वेळ: सोळा दिवस.

दिवस २५

आले! आठव्या दिवशी. हिरवे ठिपके, खाली वाकून बघितल्याशिवाय दिसत नाहीत. मोजले तर चाळीसच्या आसपास. बाबांना बोलावून दाखवले, ते चष्मा वर करून म्हणाले, "शेवाळं धरलंय गं."

दिवस ३३

चाळिसातले अकरा उरले.

प्लास्टिक काढायचं राहिलं. म्हणजे राहिलं असं नाही, मला वाटलं आत ओल आहे तर बरंच आहे, राहू दे. परवा सकाळी बघितलं तर एका बाजूची पंधराएक रोपं जमिनीलगत बारीक होऊन आडवी पडलेली, जणू कोणी दोऱ्याने आवळलीत. देठाचा तळ पाणचट आणि काळपट. काल त्याच्या शेजारची. मातीतली बुरशी, ओल आणि कोंडलेली हवा मिळाली की एका रात्रीत रोपं अशी कोलमडतात. पडलेलं रोप परत उभं राहत नाही, वाट बघू नका. मी आडवी रोपं मातीसकट चमच्याने उचलून टाकली, प्लास्टिक कायमचं काढलं आणि पाणी वरून न घालता खालच्या ताटलीतून द्यायला लागले, दहा मिनिटांनी उरलेलं ओतून टाकायचं. त्यानंतर एकही पडलं नाही.

पहिला कोंब दिसला की प्लास्टिक काढायचं. सगळे उगवेपर्यंत थांबायचं नाही.

दिवस ३५

धीर सुटला म्हणून नर्सरीतून तयार रोप आणलं. पाटी लावलेली होती, ओरेगॅनो. घरी आणून पान चुरगाळलं, वास एकदम जोरदार, मी खूश.

बाबा आले, एक पान तोडून तोंडात टाकलं आणि म्हणाले, "हा पानओवा आहे."

होताच. जाड, मऊ, लवदार, कडेला गोलसर दाते असलेलं पान, मोडलं की पाणी सुटतं. ओरेगॅनोचं पान लहान असतं, फार तर नखाएवढं नाहीतर थोडं मोठं, पातळ, कड साधारण सरळ, आणि देठ मुळाकडे काडीसारखा कडक होत जातो. पानओव्याला इंग्रजीत क्युबन ओरेगॅनो म्हणतात आणि सगळा घोळ तिथे आहे. वासही फसवतो, कारण ओवा, पानओवा, थाइम, ओरेगॅनो या सगळ्यांच्या तेलात थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल हीच वासाची भावंडं कमीजास्त प्रमाणात असतात. नर्सरीवाल्याने मुद्दाम फसवलं असं मला वाटत नाही, पण पाटी बघून घेऊ नका, पान बघून घ्या.

तर पानओवा आता आमच्याकडे आहे. ठेवलाय.

दिवस ४८

मैत्रिणीकडे ओरेगॅनोची जुनी कुंडी आहे हे मला आत्ता कळतंय! तिथे गेल्यावर आधी एक पान चावलं. पहिले दोन सेकंद काही नाही, मग तिखटसर कडवट, मग जिभेचं टोक चुरचुरलं आणि थोडं बधिर. हाच तो. अगदी हेच हवं होतं.

आठ कटिंग आणले, प्रत्येकी साधारण बोटभर लांब. पेराच्या जरा खाली तिरका काप, खालच्या अर्ध्या भागातली पानं काढली. चार पाण्याच्या ग्लासात, चार परलाइट (हलके, पांढरे खनिज दाणे) आणि कोकोपीटच्या मिश्रणात. एका कटिंगला शेंड्यावर कळ्या होत्या, कळ्या बघायला छान वाटल्या म्हणून तशाच ठेवल्या.

दिवस ५८

पाण्यातल्या चारही जणांना मुळं. पांढरी, सव्वा-दीड सेंटीमीटर. पाणी एक दिवसाआड बदलत होते, एकदा तीन दिवस विसरले तर देठ बुळबुळीत व्हायला लागलेले, धुऊन घेतले.

मातीतल्या चौघांचं काही कळत नाही. ओढून बघायचा मोह आवरला.

दिवस ७१

मातीतल्या चारपैकी तीन लागले, हलकं ओढल्यावर धरून ठेवतात. चौथं, ते कळ्यांवालं, फुललं आणि मेलं. सगळा जोर फुलात गेला. कळी असलेली फांदी कटिंगला घेऊ नका, दुसरी नसेलच तर कळ्या खुडून लावा.

पाण्यातल्या चारांपैकी मातीत लावल्यावर दोन गेले. मी मुळं लांब होऊ दिली, चांगली पाच-सहा सेंटीमीटर, ग्लासात छान दिसतात म्हणून. पाण्यातली मुळं नाजूक असतात, लावताना तुटली. दोन-तीन सेंटीमीटरवरच हलवायला पाहिजे होतं. म्हणजे दिसायला पाण्यातलं काम लवकर झालं, पण हिशोब मातीच्या बाजूने लागला, तीन विरुद्ध दोन.

एकूण पाच. पाच कुंड्या भरल्या. मिश्रण भरपूर गांडूळखत घालून केलं, अगदी काळंभोर, ते तीन कुंड्यांतच संपलं. उरलेल्या दोन कुंड्या जुनी माती आणि जाड वाळू घालून कशाबशा भरल्या. त्या दोघांबद्दल वाईट वाटलं.

बियांची अकरा रोपं अजून बोटाच्या पेराएवढीच आहेत. फार हळू वाढतात.

दिवस ९६

गांडूळखतवाल्या तीन कुंड्या बघून कोणीही म्हणेल वा. पानं मोठी, गडद, फांद्या कुंडीबाहेर. वाळूवाले दोघे खुजे, पानं बारीक, रंग करडा हिरवा.

आज पहिल्यांदा चव घेतली. मोठ्यांचं पान म्हणजे पालक. जीभ चुरचुरली नाही की काही नाही. खुज्यांचं अर्धं पान चावलं आणि पाणी प्यावं लागलं.

आणि ही सगळी एकाच झाडाची कटिंग आहेत, त्यामुळे जात वेगळी असण्याचा प्रश्नच नाही. फरक फक्त कुंडीतला. नत्र जास्त मिळालं की झाड पाला वाढवत बसतं, सुगंधी तेल त्यात पातळ होतं. हे झाड मूळचं भूमध्य समुद्राच्या बाजूचं, दगडधोंड्यांच्या कोरड्या उतारावर वाढणारं, त्याला मी शेणामातीचं श्रीमंत माहेर दिलं. ज्या दोघांबद्दल वाईट वाटलं होतं ते मिश्रण चुकून बरोबर झालं होतं.

दिवस १०३

एक मोठी कुंडी गेली. सकाळी पाणी घातलेलं दिसत होतं तरी झाडाने मान टाकलेली, खालची पानं पिवळी. संध्याकाळी परत पाणी घातलेलं! तेव्हा कळलं.

"बाबा, तुम्ही घालताय का पाणी?"

"अगं, मान टाकली होती बिचाऱ्याने."

"पण मी सकाळीच घातलं होतं."

"मग मी दुपारी घातलं. ऊन किती होतं."

म्हणजे दिवसातून दोनदा, कधी तीनदा, किती दिवस चाललं होतं देव जाणे. उपटून बघितलं तर मुळं तपकिरी, बोटात धरून ओढल्यावर साल मोज्यासारखी निघून आली, आणि आंबूस वास. गंमत अशी की पाणी कमी पडलं तरी मान टाकतं आणि मुळं कुजली तरी मान टाकतं, वरून बघून फरक कळत नाही, कळतो तो मातीत बोट घालून. प्लास्टिकची कुंडी, ओल धरून ठेवणारं कोकोपीट, खाली कायम भरलेली ताटली, आणि आम्ही दोघं. वाचण्यासारखं काही नव्हतंच.

शेंड्याकडच्या चार हिरव्या फांद्या कापून कटिंग लावले. बाबा दोन दिवस कुंड्यांकडे फिरकले नाहीत, मलाच कसंतरी झालं.

दिवस १०५

उरलेल्या दोन मोठ्या कुंड्या रिकाम्या केल्या. नवीन मिश्रण: दोन भाग साधी माती, एक भाग जाड वाळू, मूठभर गांडूळखत, बस. बारीक वाळू वापरू नका, ती मातीत बसून दगड होतो, मी एका कुंडीत तो उद्योग करून परत ओतलीय. कुंड्या मातीच्या घेतल्या, तळाचं भोक खापरीच्या तुकड्याने झाकलं, ताटल्या काढून टाकल्या. पहिल्या वेळचं सगळं भारी मिश्रण पानओव्याला गेलं, खर्चातला सगळ्यात वाया गेलेला भाग तोच.

पाण्याचा नियम बाबांबरोबर बसून ठरवला. कुंडी उचलायची. हलकी लागली तर पाणी, आणि मग खालून निथळेपर्यंत भरपूर. जड लागली तर हात लावायचा नाही. जागा सगळ्यात जास्त उन्हाची, सहा तास तरी थेट ऊन.

दिवस १२१

शेंडे खुडले. झाडं वीतभर झाली होती, वरच्या दोन पानजोड्या नखाने काढल्या, आता खालच्या पेरांतून दोन-दोन फांद्या येतील. खुडलेलं ऑम्लेटवर टाकलं. नोंदीसारखं काही नाही.

दिवस १३९

पानांवर सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके, आधी वाटलं उन्हाने. पान उलटं केलं तर बारीक जाळी. पांढरा कागद खाली धरून फांदी झटकली, कागदावर ठिपके पडले आणि ठिपके चालायला लागले. लाल कोळी.

आधी आळस म्हणून नीम ऑइल मारलं. कोळी कमी झाले, पण मग लक्षात आलं हे आपण खाणार आहोत आणि पान धुतलं तरी तो कडू वास जात नाही, दहा-बारा दिवस कापणी पुढे गेली. पुढच्या वेळी नुसत्या पाण्याचा जोरदार फवारा मारला, पानांच्या खालून, तीन दिवसाआड असं चार वेळा, सकाळी, म्हणजे दिवसभरात पानं सुकतात. तेवढ्यानेच आटोक्यात आले. कुंड्या एकमेकींना चिकटून ठेवल्या होत्या त्याही लांब केल्या. हे झाड फार दाट झालं की आतून हवा खेळत नाही, मधल्या काही फांद्या तळापासून काढल्या.

दिवस १५६

बियांची रोपं आठवतायत? अकरापैकी नऊ जगली, आता खाण्याजोगी झालीत. कुंड्यांवर बाहेरून, तळालगत एक ते नऊ नंबर टाकले आणि चव घ्यायला बसले. चौथ्या पानानंतर जीभ बधिर झाल्यामुळे सगळं सारखंच लागायला लागलं, म्हणून दिवसाला तीनच, मध्ये पावाचा तुकडा आणि पाणी.

निकाल: चार आणि नऊ नंबर जोरदार, मैत्रिणीच्या झाडाच्या तोडीस तोड. दोन नंबरला ठीक. बाकी सहा गवत. तीन नंबरला गुलाबी-जांभळी फुलं आली, दिसायला सगळ्यात देखणं, चवीला सगळ्यात पाणचट. बियांचं असंच असतं, एकाच पाकिटातली रोपं एकसारखी निघत नाहीत. पाकिटावर नुसतं ओरिगॅनम व्हल्गारे लिहिलंय, तिखट चवीला प्रसिद्ध असलेला ग्रीक ओरेगॅनो ही त्याचीच पांढऱ्या फुलांची उपजात, हिर्टम. तो हवा असेल तर पाकिटावर तसं लिहिलेलं बघा, नाहीतर माझ्यासारखं पाच महिने वाढवून मग चावत बसा.

सहा गवतवाले काढले नाहीत, मधमाश्या येतात त्या फुलांवर. पण कुंड्या अडून बसल्यात हे खरं.

दिवस १६४

पहिली मोठी कापणी. कळ्या दिसायला लागल्या पण उमललेल्या नाहीत, ही वेळ चांगली, तेव्हा पानांत तेल भरपूर असतं. सकाळी, दव वाळल्यावर. झाडाचा एक तृतीयांशच कापला, खाली हिरवी पानं ठेवून. एकदम काडीपर्यंत कापलं तर फुटायला फार वेळ घेतं असं मैत्रिणीने बजावलं होतं.

२१० ग्रॅम निघालं, फांद्यांसकट. ७० ग्रॅमचे तीन भाग केले आणि तीन पद्धतींनी वाळवलं.

मायक्रोवेव्ह: दोन टिश्यूंच्या मध्ये, एक मिनिट, मग अर्धं मिनिट. दुसऱ्या खेपेला कडेची पानं तपकिरी आणि मधली ओली. जळकट वास. पेटायच्या आत थांबवलं हे नशीब. थोडं-थोडं वीस सेकंदांनी उघडून बघत केलं तर जमेल कदाचित, मला तेवढा धीर नाही.

ओव्हन: सगळ्यात कमी तापमान, दार थोडं उघडं, दीड तास. घरभर असला सुंदर वास की शेजारून विचारणा. मग डोक्यात प्रकाश पडला, वास घरभर आहे म्हणजे पानात नाही. आमच्या ओव्हनचं सगळ्यात कमी तापमानही याला जास्तच, चाळीस अंशांच्या आत राहायला हवं. चव निम्मी.

टांगून: लहान जुड्या, बोटाएवढ्या जाड, रबरबँडने बांधून सावलीत, हवेशीर खोलीत उलट्या. दोऱ्याने बांधू नका, देठ वाळून बारीक होतात आणि फांद्या एक-एक करून खाली पडतात, रबरबँड आवळत जातो.

दिवस १७३

टांगलेलं नवव्या दिवशी तयार. पान चुरचुरीत, देठ वाकवला तर टचकन मोडतो. ७० ग्रॅमचे निघाले ११ ग्रॅम पानं. एवढंसं. काड्या वेगळ्या करायची युक्ती: शेंडा धरून दोन बोटं वरून खाली ओढायची. पानं अख्खी ठेवली, चुरा वापरतानाच करायचा, चुरा करून ठेवला की वास उडतो.

रंग करडा हिरवा, पानं हलकी. आधीच्या बरणीतला माल शेजारी ठेवला तर त्यात चकचकीत कडक तुकडे वेगळे दिसतात. कसले ते मी सांगू शकत नाही, पण २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या 'विच?' या ग्राहक संस्थेने सुक्या ओरेगॅनोचे ७८ नमुने तपासले होते, त्यातल्या साधारण एक चतुर्थांश नमुन्यांत ऑलिव्ह आणि मर्टलची पानं निघाली होती. ती बरणी मी टाकली.

दिवस १७७

दुसरी जुडी घाईत बरणीत भरली होती. आज काचेला आतून धुकं. म्हणजे देठाच्या बुंध्यात ओल राहिली होती. लगेच ताटात पसरली, बुरशी नव्हती म्हणून वाचली. आता नवीन भरलेली बरणी पहिला आठवडा रोज बघते.

दिवस १८१

हे नीट वाचा. ताज्या ओरेगॅनोच्या फांद्या आणि लसूण ऑलिव्ह ऑइलमध्ये बुडवून सुंदर बाटली करायची आणि ओट्यावर ठेवायची असा बेत होता. बाटली भरलीही. मग मैत्रिणीने फोनवर झापलं. ताज्या पानात आणि लसणात पाणी असतं, आम्लता कमी, आणि तेलाखाली हवा नाही, बोट्युलिझमच्या (जीवघेण्या अन्नविषबाधेच्या) जंतूंना हवी तशी जागा. तेल खराब झाल्याचा वास येत नाही, चव बदलत नाही. बाटली ओतून टाकली.

आता ताजं चिरून बर्फाच्या ट्रेमध्ये, वर तेल, लगेच फ्रीझरला. एक खडा थेट पॅनमध्ये. फ्रीजमध्ये ठेवलंच तर चार दिवसांत संपवते.

दिवस १९०

स्वयंपाकातल्या नोंदी. पहिला टोमॅटो सॉस कडू झाला, कारण बाजारच्या बरणीच्या सवयीने दोन चमचे सुकं घातलं. घरच्याचं अर्धा चमचा पुरतो. ताजं असेल तर सुक्याच्या तिप्पट. सुकं आधीच, कांदा परततानाच, तळहातावर चोळून घालायचं म्हणजे तेलात उतरतं. ताजं शेवटी, गॅस बंद करताना, आधी घातलं तर काळं पडतं आणि वास वाफेबरोबर जातो. भाजलेले बटाटे, राजम्याचं सूप, चीज टोस्ट, तिन्ही जमले. काकडीच्या कोशिंबिरीत ताजं घातलं ते कोणाला आवडलं नाही, मलाही नाही.

दिवस १९८

काल चार आणि नऊ नंबरच्या झाडांचे दाब कलम करायचे ठरवलं. लवचिक फांदी वाकवून शेजारच्या कुंडीतल्या मातीत दाबायची, वर दगड, मुळं धरली की आईपासून कापायची. कटिंगपेक्षा यात मरतुक कमी. बाबांनी सपाट दगडसुद्धा शोधून ठेवले होते, आणि कुंड्या उचलून बघून सांगितलं की दोन हलक्यात, बाकीच्या उद्या.

खाली वाकून नंबर बघितले तर एकाही कुंडीवर नंबर नाही. मार्करने लिहिले होते, सहा आठवड्यांच्या उन्हात शाई उडून गेली. पेन्सिलने लिहायला हवं होतं, ते टिकतं.

तर परत सगळी पानं चावणं आलं. आज तीन झालीत.